माझ्याबरोबर नाचाल का?

दोस्तांनो, पाचवी-सहावीच्या वर्गात बाईंनी एका बाकावर एक मुलगा, एक मुलगी असं बसवलं की पुढं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको! बाकाच्या बरोबर मधोमध दप्तराची भिंत उभी राहते. कुणी पट्टीनं मोजून खडूची रेघ मारतं. चुकून एखादं कोपर रेघेपलीकडं गेलं, की मागच्या बाकावरून "ओऽऽ" असा आवाज येतो आणि दोघांचे कान लाल होतात.

आता समजा, अशाच वर्गात एक दिवस एक पाहुणे आले. कडक इस्त्रीचा सूट, गळ्यात टाय. ते म्हणाले, "बाकं बाजूला सारा. गोल करून उभे राहा. समोरच्याचा हात हातात घ्या आणि त्याच्या डोळ्यांत बघा." काय कराल? बरीचशी मुलं पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पळतील, असं मला वाटतं.

पण एक शहर असं आहे, जिथं हजारो मुलांनी हे केलंय. तेही शाळेच्या वेळेत! चला, आज आपण तिकडं जाऊ. शहराचं नाव न्यूयॉर्क.

या शहरातला मॅनहॅटन हा भाग म्हणजे एक लांबुळकं बेट. रस्त्यांना नावांऐवजी बहुतेक ठिकाणी आकडेच आहेत. उत्तरेकडं जाल तसे आकडे वाढत जातात. खालच्या टोकाला उंच इमारती, बँका, कचेऱ्या. तिथून भुयारी रेल्वेची 'ए' गाडी पकडायची आणि वर वर जात राहायचं. एकशे एक्याऐंशीव्या रस्त्याला उतरलात की तुम्ही वॉशिंग्टन हाइट्समध्ये आलात. १७७६ च्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याचा किल्ला इथल्या टेकाडावर होता, म्हणून हे नाव. पश्चिमेला हडसन नदी आणि तिच्यावर १९३१ साली खुला झालेला भला थोरला झुलता पूल.

पण इथं उतरल्यावर कानांवर पडते ती इंग्रजी नव्हे, स्पॅनिश! दुकानांच्या पाट्याही स्पॅनिशमध्ये. डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या कॅरिबियन देशातून आलेली हजारो कुटुंबं इथं राहतात. 'मेरेंगे' हा त्यांचा नाच. त्यांच्या घरी लग्न असो की वाढदिवस, मेरेंगे हवाच. आपल्याकडं वरातीत झिंगाट लागलं की आजोबांचेही पाय हलतात ना, तसंच.

या वस्तीनं वाईट दिवसही पाहिले आहेत. १९८० नंतरच्या दशकात इथं मादक पदार्थांचा धंदा माजला होता. गोळीबार, मारामाऱ्या नेहमीच्या. कोपऱ्यावर उभी राहणारी मोठी मुलं बघत लहान मुलं शाळेत जात. मोठ्या मुलांकडून ती काय शिकत असतील? ऐट कशी करायची, धाक कसा दाखवायचा, मुलींकडं बघून शिट्टी कशी मारायची, हेच! वागण्याचा दुसरा नमुना डोळ्यांपुढं नसेल, तर पोरांनी तरी कुठून आणायचा?

आता सुटातल्या त्या गृहस्थांची ओळख करून देतो. त्यांचं नाव पिएर ड्युलेन. इव्हॉन मार्सो या त्यांच्या नृत्यातल्या जोडीदार. दोघांनी मिळून ब्रिटनमधल्या नावाजलेल्या स्पर्धा जिंकल्या, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'ग्रँड हॉटेल' या संगीतिकेत नाचले. १९९४ साली ड्युलेननी शाळकरी मुलांसाठी 'डान्सिंग क्लासरूम्स' हा उपक्रम सुरू केला. सुरुवात अगदी छोटी होती. दहाच वर्षांत शहरातल्या साठाहून अधिक शाळा त्यात आल्या आणि पुढं तो अमेरिकेतल्या इतर शहरांतही गेला. सगळा मिळून दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, तास वीस. मुलं बहुतेक पाचवीतली, म्हणजे दहा-अकरा वर्षांची. शिकायचं काय? मेरेंगे, फॉक्सट्रॉट, रुंबा, टँगो, स्विंग. हे सगळे जोडीचे नाच, बरं का! एकट्यानं नाचताच येत नाहीत.

पहिल्या दिवशी तिथली मुलंही "ई!" करतात. हसतात, ढकलाढकली करतात, हात धरायचा म्हटलं की बोटाच्या टोकानं धरतात. अगदी आपल्यासारखीच! मग शिक्षक काय करतात, ते बघण्यासारखं आहे.

आधी म्हणजे ते मुलांना "एऽ पोरांनो" म्हणत नाहीत. "सभ्य स्त्री-पुरुषहो" असं म्हणतात. दहा वर्षांच्या पोराला! पोरं आधी फिदीफिदी हसतात आणि हळूहळू ताठ उभी राहू लागतात. मग मुलानं मुलीपुढं कोपर वाकवून हात करायचा आणि तिनं त्यात हात घालायचा. खेचायचं नाही, मनगट पकडायचं नाही. हात पुढं करून थांबायचं. नाच संपला की आभार मानायचे आणि पुढच्या जोडीदाराकडं सरकायचं.

हे सरकणं मला फार आवडलं. मुलं गोलात उभी असतात आणि दर थोड्या वेळानं जोड्या बदलतात. त्यामुळं वर्गातली सगळ्यांत देखणी मुलगीही तुमच्या वाट्याला दोन मिनिटंच येते आणि जिच्याशी कुणी बोलत नाही तीही दोनच मिनिटं. कुणी एकटं कोपऱ्यात उरत नाही. "मला तिच्याबरोबर नाचायचं नाही" असं तोंड करून दाखवायलाही मनाई. कारण समोरच्याला ते दिसतं, आणि लागतं.

आता हात कुठं ठेवायचा, हाही या नाचात नियमच आहे. एक हात जोडीदाराच्या हातात, दुसरा पाठीवर, खांद्याच्या खालच्या हाडाशी. बस्स. दुसरीकडं कुठंही नाही. या उभं राहण्याला नाचणारे 'चौकट' म्हणतात. ही चौकट फार गमतीची असते. हात ढिले सोडले तर जोडीदाराला कळतच नाही की आता वळायचंय. आवळून धरले तर त्याला वळताच येत नाही. मधला नेमका ताण सापडावा लागतो. फुगडी आठवा! दोघींनी मागं झुकायचं, हात घट्ट धरायचे, पण एकीनं दुसरीला ओढलं की दोघीही धप्पकन खाली. जिचं वजन जास्त तिनं थोडं सांभाळून घ्यायचं, हे फुगडी खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला कुणी न शिकवता कळतं. स्विंगमध्ये हाताखालून गिरकी असते, तिथंही हेच. हात वर उचलून वाट करून द्यायची, ती वळते ती स्वतःच्या पायांनी. ढकललं तर तोल गेलाच म्हणून समजा.

आणि दहा वर्षांच्या मुलांना हे शब्दांत सांगत बसायची गरज पडत नाही. पाय तुडवला गेला की चूक कळते, "सॉरी" म्हटलं की पुढचं पाऊल टाकता येतं. वर्गात फळ्यावर 'दुसऱ्याचा आदर करावा' हे वाक्य शंभर वेळा लिहिलं, तरी एवढं कळणार नाही.

२००५ साली या उपक्रमावर 'मॅड हॉट बॉलरूम' नावाचा माहितीपट आला. त्यात तीन वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या शाळा आहेत. एक ट्रायबेका, मॅनहॅटनच्या खालच्या टोकाची सुखवस्तू वस्ती. दुसरी ब्रुकलिनमधलं बेन्सनहर्स्ट, जिथं जुनी इटालियन घरं आहेत आणि नंतर आलेली चिनी कुटुंबंही. तिसरी आपली वॉशिंग्टन हाइट्स, पुलापासून चालत जाता येईल अशी. तिथली बहुतेक मुलं गरीब घरांतली. त्यांच्यात एक मुलगा डॉमिनिकन रिपब्लिकहून नुकताच आलेला. इंग्रजी जेमतेम समजायचं, त्यामुळं वर्गात गप्प. पण संगीत सुरू झालं की काय त्याची पावलं! नाचात बोलावं लागत नाही ना.

माहितीपटात मुलं-मुली एकमेकांबद्दल मोकळेपणानं बोलतात. मुलगे म्हणतात मुली अशा का वागतात, मुली म्हणतात मुलगे तसे का वागतात. ऐकून हसू येतं. ट्रायबेकाच्या एका शिक्षिकेला मात्र आपली मुलं कशी बदलली हे सांगता सांगता रडू कोसळतं.

अंतिम स्पर्धा झाली ती 'विंटर गार्डन' नावाच्या काचेच्या प्रचंड दालनात. आत चक्क ताडासारखी उंच पामची झाडं! हे दालन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अगदी शेजारी. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते जुळे मनोरे कोसळले, तेव्हा या दालनाच्या हजारो काचा फुटल्या. वर्षभरात ते पुन्हा उभं केलं. त्याच फरशीवर चकचकीत बूट घातलेली मुलं टँगो नाचली. मोठा चषक कुणाला मिळाला म्हणता? वॉशिंग्टन हाइट्सला! हरलेल्या शाळांमधली मुलं ढसाढसा रडली, हेही सांगायला हवं. मला विचाराल तर स्पर्धेचा भाग नसता तरी चाललं असतं. एकमेकांना सांभाळायला शिकवायचं आणि मग कोण किती चांगलं सांभाळतं याला गुण द्यायचे, हे जरा विचित्रच.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या नाचात नेहमी मुलगाच पुढं नेणार आणि मुलगी त्याच्यामागं जाणार, असं का? मुलींनो, तुमच्याही मनात हे आलं असेल. आता कितीतरी नृत्यशिक्षक दोघांनाही दोन्ही बाजू शिकवतात. आज तू ने, उद्या मी नेईन. ते जास्त बरं. ज्यानं मागून जाऊन बघितलंय, त्यालाच कळतं की नेणारा धसमुसळा असला तर किती त्रास होतो.

पालकांनो, तुम्हीही वाचताय ना? मग दोन शब्द तुमच्यासाठी. मुलामुलींनी एकमेकांशी कसं वागावं, हे आपण घरात सहसा बोलत नाही. मुलं ते सिनेमातून शिकतात. तिथं नायक नायिकेचा पदर धरतो, वाट अडवतो, ती तीनदा 'नाही' म्हणते आणि चौथ्यांदा लाजते. पाठीमागं पन्नास जण नाचत असतात. तोही नाचच, पण त्यातून 'नाही' म्हणजे 'थोड्या वेळानं हो' एवढंच शिकायला मिळतं. वर्गात जोड्या शिक्षक लावतात, ती गोष्ट वेगळी. पण वर्गाबाहेर "माझ्याबरोबर नाचाल का?" असं विचारलं, तर त्याला "नको" हेही उत्तर असतं. ते ऐकून मान लववायची आणि हसतमुखानं जागेवर जाऊन बसायचं. तुमच्या मुलालाही हे जमायला हवं आणि मुलीलाही.

आता न्यूयॉर्कहून आपण फार लांब जाणार आहोत, समुद्र ओलांडून जाफाला. का, तर ड्युलेन यांचा जन्म तिथला. १९४४ सालचा. वडील आयरिश, आई पॅलेस्टिनी.

जाफा हे भूमध्य समुद्रावरचं हजारो वर्षांचं बंदर. बायबलमधला योना इथूनच गलबतात चढला, असं म्हणतात. इथली संत्री एके काळी युरोपभर जायची. गावात ऑटोमन काळातला घड्याळाचा मनोरा आहे. १९४८ च्या युद्धात इथल्या बहुतेक अरब कुटुंबांना गाव सोडावं लागलं. चार वर्षांच्या पिएरचं कुटुंबही त्यात होतं. पुढं जाफा इस्रायलमध्ये राहिलं आणि शेजारच्या तेल अविव शहराला जोडलं गेलं. आज तिथं ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब दोघंही राहतात. पण मुलं बहुतेक वेगवेगळ्या शाळांत जातात. एकाच गावात वाढतात आणि एकमेकांची नावंही त्यांना माहीत नसतात.

ड्युलेन २०११ साली तिथं परत गेले आणि त्यांनी दोन्हीकडच्या अकरा वर्षांच्या मुलांना एकत्र नाचायला शिकवायचं ठरवलं. दहा आठवडे! 'डान्सिंग इन जाफा' (२०१३) या माहितीपटात ते सगळं आहे. आपल्या बाकावर एकच भिंत होती ना? इथं दोन होत्या. मुलगा-मुलगी ही एक आणि 'ते लोक' ही दुसरी. काही मुस्लिम घरांत मुलीनं परक्या मुलाचा हात धरणं मान्य नव्हतं, ज्यू घरांतही धाकधूक होती. मुलं तोंड फिरवून उभी राहायची. शेवटी ड्युलेननी आपल्या जुन्या जोडीदार इव्हॉन यांना बोलावून घेतलं आणि दोघं मुलांपुढं नाचले. साठी उलटलेला माणूस नाचताना जोडीदाराकडं कसा बघतो, तिला किती अलगद सांभाळतो, ते मुलं टक लावून बघत राहिली. त्यानंतर तासाला जरा रंग चढू लागला.

त्याच मुक्कामात ड्युलेन आपलं लहानपणचं घर बघायला गेले. तिथं आता दुसरं कुटुंब राहत होतं. त्यांनी आत येऊ दिलं नाही. ते परतले आणि पुन्हा वर्गावर गेले.

नाचानं युद्धं थांबत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायल आणि गाझामध्ये काय घडलं, ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल, टीव्हीवर बघितलं असेल. जाफात नाचलेली ती मुलं तोवर विशी ओलांडून गेली होती.

त्या वर्षी मात्र दहा आठवडे संपल्यावर एका सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. ज्यू आईबाप, पॅलेस्टिनी आईबाप, आज्या, धाकटी भावंडं, सगळे एकाच छपराखाली. आणि जोडीच्या नाचाची गंमत अशी, की आपल्या एकट्या मुलाचा फोटो काढताच येत नाही. त्यात दुसऱ्याचंही मूल येतंच, आपल्या मुलाचा हात धरून.