मागांच्या गावातली फटफटी

हुपरीकडून पंचगंगा ओलांडून इचलकरंजीत शिरणाऱ्या परगावच्या माणसाला हे गाव दिसण्याआधी ऐकू येते. मागांचा तो खडखडाट पूर्वीइतका सर्वत्र उरलेला नाही. कित्येक जुने साधे माग भंगाराच्या भावाने गेले आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे नवे माग आले. तरीही एखाद्या गल्लीत भर दुपारी उभे राहावे, तर शेजारच्याशी ओरडूनच बोलावे लागते. इचलकरंजीकर मोठ्याने बोलतो तो भांडखोर म्हणून नव्हे, हे पाहुण्याने आधीच ध्यानात घेतलेले बरे.

संगीताच्या रसिकाला हे गाव बाळकृष्णबुवांमुळे ठाऊक असते, साहित्याच्या रसिकाला 1974 च्या संमेलनामुळे. त्याचे अध्यक्ष पु. ल. देशपांडे होते. मी मराठीचा अध्यापक, तेव्हा या दोहोंपैकी एकावर लिहावे अशी अपेक्षा असणारच. पण मला लिहायचे आहे ते एका फटफटीवर, आणि तीही झाडे तोडण्याच्या यंत्रावर चालणाऱ्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील जॉबर आहेत. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग अडला की नाडी पाहायला यालाच बोलवायचे. या मुलाला भंगारबाजारात एक साखळी-करवत मिळाली. पाते वाकलेले, साखळी तुटलेली. पण 52 सीसीचे इंजिन शाबूत. ते सायकलीला बसवायचे, असे चिरंजीवांच्या मनाने घेतले.

करवतीचे इंजिन मोठे चमत्कारिक असते. हातात धरून कसेही वाकवले तरी चालले पाहिजे, म्हणून त्याचा कार्ब्युरेटर पडद्याचा. पेट्रोलातच ऑइल मिसळलेले, थंडावा चाकाच्या पंख्याचा. त्याचा क्लच तर फारच समजूतदार: इंजिन हळू फिरत असेतो गप्प राहतो आणि वेग वाढला की त्याच्या चकत्या आपोआप बाहेर फाकून भांड्याला पकडतात. सायकलीला याहून सोयीचे काय हवे? अडचण एकच. हे इंजिन ताकद दाखवते ते मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर. सायकलीच्या 28 इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी 30 किलोमीटरला त्या चाकाचे मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास फेरे पुरतात. म्हणजे इंजिनाच्या तीसएक फेऱ्यांचा चाकाला एक फेरा करायचा!

"सर, इंजान पळतंय लै, पर ओढत न्हाई," मुलगा काकुळतीने सांगत होता.

वडील शेजारी नटाला वंगण लावीत बसले होते. वर न पाहता म्हणाले, "घोड्याची चाल बैलाला लावतोयस. आपला माग बघ की."

मागाची मोटर मिनिटाला हजाराच्या घरात फिरते. वरच्या दांड्याला दीडशेच्या आसपास फेरे हवे असतात आणि खालचा दांडा त्याच्याही निम्म्याने चालतो. वेग मोडून जोर करायचा, ही विद्या या गावच्या पोरांच्या अंगणातच पडलेली आहे. बापलेकांनी मध्ये एक आडवा दांडा टाकला. इंजिन ते दांडा सहास एक, दांडा ते मागचे चाक पाचास एक. सहा पाचे तीस. मोठी चकती थेट आऱ्यांना बांधली तर आरे तुटतात, म्हणून दोहोंमध्ये मागाचा जुना चामडी पट्टा घातला. आयुष्यभर धोट्याचे तडाखे सोसलेले ते चामडे; त्याला सायकलीच्या हिसक्याची काय मातब्बरी!

हे पाहताना मला सारखे जपानातले हमामात्सू आठवत होते. तेही मागांचेच गाव. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो 1904 साली, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर. हमामात्सूत मिचिओ सुझुकी यांनी मागांचा कारखाना काढला 1909 साली. युद्धानंतर, 1946 मध्ये, त्याच गावात सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संचांच्या जनित्राचे बारके इंजिन सायकलीला जोडले. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून घरातला शेकायचा गरम पाण्याचा डबा वापरला. आणि 1952 मध्ये मागवाल्या सुझुकींनीही 36 सीसीची इंजिन-सायकल बाजारात आणली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

इचलकरंजीचे मात्र सर्वांना ठाऊक नाही. येथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली दोन माणसांची छोटी मोटार स्वतः बनवली. 1951 मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली. पुढे वर्षानुवर्षे सुधारत नेलेल्या या गाडीचे नाव 'मीरा'. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार, हा त्यांचा ध्यास होता. 'मीरा' कारखान्यातून कधीच निघाली नाही. सामान्यांची मोटार आली ती डिसेंबर 1983 मध्ये, मारुती. आणि तिच्यात हात होता हमामात्सूच्या सुझुकींचा! आपण माग आणला, त्यांनी माग घडवला, एवढ्यावर हा फरक भागवता येईल. पण मला ते पुरेसे वाटत नाही. हात दोन्हीकडे होते. आमच्याकडे हातांच्या मागे उभे राहणारे कमी पडले.

आमच्या विद्यार्थ्याची फटफटी नदीकाठच्या मळ्यातल्या वाटेवर धावली. आवाज असा, की मळ्यातली कुत्री ऊस सोडून पळाली. सडकेवर मात्र तिला नेता येत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने चारांहून कमी चाकांच्या आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला 'मोटार वाहन' मानलेले नाही. त्यावर गेलात की नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी, नोंदणी, सारे आले. हा कायदा मला जाचक वाटत नाही. सायकलीच्या रबरी ब्रेकवर 52 सीसी आवरायचे म्हणजे दोऱ्याने रेडा बांधणे. पण घरात एक गाडी घडवणाऱ्या पोराने त्या चाचणीचा खर्च कोठून आणायचा, हे विचारायला त्याला दारही ठाऊक नसते.

तूर्त त्याने गवत कापण्याच्या यंत्राकडे नजर वळवली आहे. बाजारात मिळणारी बरीचशी इंजिने 25.4 सीसीची, म्हणजे दशांश चारने हुकलेली! 23 सीसीचे एक कोल्हापुरात मिळेल असे कळले आहे. वडिलांनी खडूने फरशीवर नवा हिशेब मांडला आहे. बारक्या इंजिनाला तीस पुरायचे नाहीत, चाळीस करावे लागतील, आणि त्यासाठी मागच्या चकतीचे दात वाढवावे लागतील. ब्रेक मात्र या खेपेला आधी बसवायचे, असे त्यांनी मुलाला बजावले आहे.