संबोधनाची विभक्ति

व्याकरणाच्या पुस्तकांत संबोधन सर्वांत शेवटीं येतें आणि मुलें तें सर्वांत सोपें समजतात. हे राम, हे सखे, हे नदि. चार रूपें पाठ केलीं कीं झालें. शाळेंत आम्हीही तें तासाच्या अखेरीस उरकीत असूं. परंतु संसाराच्या व्याकरणांत याहून अवघड विभक्ति दुसरी नाहीं. नवऱ्यानें बायकोस आणि बायकोनें नवऱ्यास हांक काय मारावी, या प्रश्नापुढें मोठमोठे वैयाकरणी गडबडतात.

जुन्या घरांत लाडकें नांव म्हणून नव्हतेंच, असें हल्लींच्या मुलांस वाटतें. तें खरें नव्हे. 'अहो' हेंच तें नांव. आमच्या वाड्यांत तीर्थरूप व दोन काका असे तिघे कर्ते पुरुष असत. स्वयंपाकघरांतून 'अहो' एवढीच हांक येई, आणि तिघांपैकीं ज्यानें उठावयाचें तोच नेमका उठे. आमच्या आईचा 'अहो' लांब हेल काढून येई, थोरल्या काकूंचा तुटक, आणि धाकट्या काकूंचा अर्धा ओठांतच राही. एका पावसाळ्यांत थोरल्या काकूंचा घसा बसला. हांक आली ती अगदीं मृदु. धाकटे काका लगबगीनें आंत गेले आणि दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बाहेर आले! "अगं बाई, भावोजी, तुम्ही कशाला?" असें काकू म्हणत होत्या म्हणे, पण घसा बसलेला, ऐकूं कोणास जाणार? थोरले काका वर्तमानपत्र वाचीत स्वस्थ बसले होते. काकूंचा आवाज सुटेपर्यंत ते असेच स्वस्थ होते. धाकट्या काकूंचा अबोला मात्र त्यानंतरही दोन दिवस टिकला.

आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं अशा घोटाळ्याच्या एका जातीस 'गोत्रस्खलन' असें भारदस्त नांव ठेविलें आहे. गोत्र म्हणजे येथें नांव. प्रियेस हांक मारतांना भलत्याच स्त्रीचें नांव तोंडून निसटणें, तें गोत्रस्खलन. कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गांत पतीच्या राखेपुढें शोक करणारी रति, अशाच चुकीबद्दल आपण मदनास मेखलेनें बांधीत असूं, ही आठवण काढते. विक्रमोर्वशीयांत तर उर्वशी भर नाटकांत 'पुरुषोत्तम' म्हणण्याऐवजीं 'पुरूरवा' म्हणून गेली आणि भरतमुनींनीं तिला शाप दिला. हल्लीं शाप देणारे मुनि उरले नाहींत. तें काम भ्रमणध्वनि करतो.

आमच्या पुतण्यानें त्या यंत्रांत आपल्या पत्नीची नोंद 'पिल्लू' अशी केली होती. एके दिवशीं विहीणबाई घरीं आलेल्या असतां तें यंत्र दिवाणखान्यांत वाजलें. आमच्या मातोश्रींस, वय शहाऐंशी, दिसेल तें अक्षर मोठ्यानें वाचण्याची हौस आहे. त्यांनीं तें वाचलें, यंत्र कानास लावलें आणि प्रेमानें विचारलें, "कुणाचं गं तूं पिल्लू?" पलीकडे नातसून बँकेंत आपल्या खुर्चीवर होती. मुलीचें हें नवें नांव ऐकून विहीणबाईंनीं चहाचा पेला खालीं ठेवला. येथवरही ठीक होतें, पण चार वर्षांच्या चिरंजिवांनीं तें नांव उचललें आणि शाळेच्या फाटकाशीं बाईंसमक्ष "आमची पिल्लू आली!" अशी आरोळी ठोकली. आतां त्या यंत्रांत सूनबाईंचें नांव आडनांवासकट आहे. असलें नांव एकाच तोंडीं शोभतें. दुसऱ्या तोंडीं गेलें कीं त्याचें हंसें होतें.

पूर्वी तर मूळ नांवच बदलत. ताटांत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनें नवें नांव लिहीत. १८७४ सालीं गोपाळराव जोशांशीं लग्न झालेली यमुना अशीच आनंदी झाली, आणि १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविली ती आनंदीबाई म्हणून. आमच्या सौभाग्यवतींचेंही जन्मनांव त्या तांदुळांतच राहिलें. माहेरीं त्यांस लाडानें 'ठकी' म्हणत. म्हणणारीं माणसें एकेक गेलीं. शेवटीं थोरले बंधु तेवढे राहिले होते, तेही गतवर्षीं मार्गशीर्षांत वारले. दिवसवार आटोपल्यावर एकदां मेथी निवडतांना त्या म्हणाल्या, "आतां मला ठकी म्हणणारं कुणी राहिलं नाहीं." आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं.

पुढें आठ-पंधरा दिवसांनीं, घरांत कोणी नाहीं असें पाहून, आम्ही ओसरीवरून हांक मारली, "ठके, अगं ठके!"

त्यांनीं ओ दिली नाहीं. भाजीची जुडी खालीं ठेवली, पदर सारखा केला आणि अंगणाच्या दाराकडे पाहिलें. दारांत कोणी नव्हतें. मग त्यांची दृष्टि आमच्याकडे वळली.

"तुम्ही होय!" त्या म्हणाल्या. थोडा वेळ तशाच बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही आपलं 'अगं'च म्हणा. त्याला ओ देते मी."

आणि निम्मी मेथी त्यांनीं आमच्यापुढें सरकविली.