धक्का मारून चालू झालेला इतिहास

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या उत्तरेला फमोसो नावाची ड्रॅग स्ट्रिप आहे. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, सरळ पळायचं आणि थांबायचं, एवढाच तिथला खेळ. 2000 साली या पट्टीवर कॅकलफेस्ट नावाचा एक वेगळाच सोहळा सुरू झाला. पन्नास-साठच्या दशकांतल्या लांबलचक ड्रॅगस्टर गाड्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभ्या केल्या होत्या. त्या एकामागून एक आणायच्या, मागून पिकअपने ढकलून चालू करायच्या आणि रांगेत उभ्या करून टाकीतलं इंधन संपेपर्यंत गरजू द्यायच्या. शर्यत नाही, घड्याळ नाही, जिंकणं-हरणं नाही. एवढा पैसा आणि एवढी मेहनत घालून गाडी जागची हलणारच नसेल तर हा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं असं, की या गाड्यांचा इतिहास नीट वाचायचा तर त्या चालू कराव्याच लागतात. संग्रहालयात चकाकत बसलेला ड्रॅगस्टर हा निम्माच दस्तऐवज आहे.

ढकलण्यापासूनच सुरुवात करू. गाडीला स्टार्टर नसतो, रेडिएटरही नसतो. काही सेकंदांच्या धावेसाठी ते वजन कोण वाहणार? पिकअप मागून टेकते, ड्रायव्हर गाडी गिअरमध्ये ठेवतो, मागची चाकं फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर इंजिनही फिरतं. पण ठिणगी देणारा मॅग्नेटो तो लगेच चालू करत नाही. आधी त्याची नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर असते. काटा वर चढला, तेल बेअरिंगपर्यंत पोचलं याची खात्री झाली, की मगच ठिणगी. कारण पोटात जे जळणार आहे ते साधं पेट्रोल नाही, नायट्रोमिथेन आहे. हे द्रव्य ऑक्सिजन आपल्याबरोबरच घेऊन येतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते, नायट्रोला जेमतेम 1.7 किलो. किलोमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या पावपट, पण तेवढ्याच हवेत ते आठपटींहून जास्त ओतता येतं, म्हणून एकूण जोर दुपटीच्या वर जातो. हा जोर पेलणारं इंजिन मात्र शर्यतीसाठी जन्मलेलं नव्हतंच. 1957-58 सालच्या क्रायस्लरच्या रस्त्यावरच्या मोटारींतलं ते 392 हेमी, आणि त्याच्या डोक्यावर बसवलेला, आत हवा कोंबणारा ब्लोअर जीएमसीच्या बस-ट्रकांतल्या डिझेल इंजिनाचा. भंगारात मिळेल ते उचलून आणि अक्कल लढवून उभं केलेलं हे तंत्र आहे. संग्रहालयातल्या पाटीवर यातलं बरंचसं लिहिता येईल. पण तेलाचा काटा आणि मॅग्नेटोचा स्विच यांच्यामधला तो थांबा पाटीवर मावत नाही. गाडी चालू करायची म्हटलं की दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक नळीला, प्रत्येक दांड्याला ‘तू इथे का?’ असं विचारावंच लागतं. नुसती रंगवून उभी करायची असेल तर हा प्रश्न बिनदिक्कत टाळता येतो, आणि टाळलाही जातो.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा. अशा गाडीत मूळचं उरतं तरी काय? आक्षेप पोकळ नाही. सत्तरच्या दशकात या गाड्या बघता बघता निकामी ठरल्या. इंजिन एकाने नेलं, गिअरबॉक्स दुसऱ्याने, सांगाडा कुणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडला. पुनर्बांधणी सुरू होते ती बहुधा या सांगाड्यापासून: नळ्यांवरचे वेल्डिंगचे जुने डाग, बुजवलेली भोकं, कापून लांबवल्याच्या खुणा, आणि पडताळायला जुनी छायाचित्रं. बाकी सगळं गोळा केलेलं, नाहीतर नव्याने घडवलेलं. पण ही गाडी तिच्या भरात तरी कधी एकसंध होती? नायट्रोवर चालणाऱ्या इंजिनाचे पिस्टन फुटत, ब्लॉक तडकत. या रविवारी एक इंजिन, पुढच्या रविवारी दुसरं. मालक बदलला की रंग बदले, नाव बदले. तंबोऱ्याची जवारी वाजवून वाजवून झिजते, ती पुन्हा काढावी लागते, तारा तर बदलतच राहतात. म्हणून तंबोरा खोटा झाला असं कुणी गवई म्हणत नाही. तेव्हा ‘मूळची किती?’ यापेक्षा ‘कोणत्या हंगामातली?’ हा प्रश्न जास्त कामाचा. टॉम ग्रीअरची मालकी, कीथ ब्लॅकचं इंजिन, केंट फुलरची चॅसी आणि डॉन प्रुडोम ड्रायव्हर अशी साठच्या दशकाच्या सुरुवातीची एक नामांकित गाडी आहे. ती आज पुन्हा उभी आहे ती त्या चौघांच्या भरातल्या काळाची म्हणून, आणि हा निवड केलेला काळ उघड सांगितलेला असतो. जिथे सांगाडाच नवा आणि फक्त नाव जुनं, तिथे मात्र तिला नक्कल म्हणावं. नक्कल करण्यात पाप नाही; ती लपवण्यात आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चालवलं की झिजतं, आणि झिजलेला पुरावा परत येत नाही. जुन्या वस्तूंची निगा राखणारे लोक हे कळकळीने सांगतात आणि ते बरोबर सांगतात. ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचा ‘स्वॅम्प रॅट 30’ हा ड्रॅगस्टर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. तो तसाच राहावा, त्याच्या टाकीत कुणी थेंबभरही नायट्रो ओतू नये. एखादी गाडी शर्यत संपल्यासंपल्या जशी होती तशीच सापडली, तर तिच्यावरची धूळ पुसतानाही दहादा विचार करावा. पण शेडमध्ये सापडलेल्या उघड्या सांगाड्याला हा नियम लावणं म्हणजे त्याला गंजायची मोकळीक देणं. शिवाय आक्षेप घेणारे पुरावा फक्त पोलादात शोधतात. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंधन कमी पडतंय की जास्त होतंय हे ओळखणं, हवा बघून नायट्रोचं प्रमाण ठरवणं, आवाजावरून कोणता सिलिंडर मेलाय हे सांगणं, हा पुरावा माणसांच्या हातात आणि कानात आहे. ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. गाडी बंद ठेवून पोलाद वाचवता येईल, हे ज्ञान वाचणार नाही. ते उतरतं फक्त चालत्या इंजिनापाशी, शेजारी उभ्या असलेल्या तरुणाकडे, आणि तेही बहुतेक वेळा शिव्यांसकट.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळं म्हाताऱ्यांचं स्मरणरंजन आहे. आवाज, ज्वाळा, डोळे झोंबवणारा धूर आणि ‘आमच्या वेळी’चा गजर. थोडं आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण चालू गाडी या रंजनावर स्वतःच पाणी ओतते. या जुन्या गाड्यांत ड्रायव्हर इंजिनाच्या मागे, मागच्या आसावर जवळजवळ मांड ठोकून बसतो. ब्लोअर फुटला तर आग त्याच्या तोंडावर; क्लच किंवा गिअरबॉक्स फुटला तर तुकडे पायांवर. 8 मार्च 1970 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स असाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं. तसे प्रयत्न आधीही झाले होते, पण त्या गाड्या सरळ रेषेत राहत नसत. गार्लिट्सच्या गाडीत स्टिअरिंग मुद्दाम संथ केलं आणि ती वळणावर आली. 1971 ची विंटरनॅशनल्स ही स्पर्धा त्याने त्याच गाडीने जिंकली, आणि काही हंगामांतच पुढे इंजिन असलेल्या गाड्यांचा जमाना आटोपला. थंड, पॉलिश केलेल्या गाडीकडे पाहून हा बदल इंजिनिअरिंगमधली एक सुधारणा वाटतो. तेच इंजिन पेटून, ज्वाळा मागे फेकत, हातभर अंतरावर बसलेल्या माणसासकट थरथरताना पाहिलं, की गार्लिट्सला दुसरा रस्ताच नव्हता हे कळतं.

म्हणूनच या गाड्या पाव मैल पूर्ण वेगाने पळवत नाहीत हे मला पटतं. 1 ऑगस्ट 1964 रोजी न्यू जर्सीतल्या ग्रेट मेडोजला गार्लिट्सने ताशी 201.34 मैल, म्हणजे सुमारे 324 किलोमीटरचा वेग गाठला, तो याच जातीच्या गाडीत. आज अर्धशतक जुन्या नळ्यांच्या पिंजऱ्यात कुणाला बसवून तो पुन्हा मागायचा, तर दुरुस्तीला उगाच पणाला लावल्यासारखं होईल. यात काही हातचं सुटतं हे खरं: घसरणारा क्लच, टायरच्या धुराचे लोट, पट्टीच्या टोकाला उघडणारं पॅराशूट. तेवढ्यासाठी जुन्या फिल्म आहेत, आणि त्या पुरेशा आहेत. तेल वर चढेपर्यंत मॅग्नेटोवरचा हात आवरून धरणं मात्र फिल्म पाहून शिकता येत नाही.