फुलटोच्याचा आवाज

पक्षिनिरीक्षण म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कित्येक पक्षी आधी कानाला भेटतात. डोळा नंतर त्यांचा माग काढतो. पानांआडचा तांबट दिसण्यापूर्वी त्याची टुक्-टुक् ऐकू येते, सुभगाची शीळ आली की मान आपोआप वळते. हिवाळ्यात येणारे पर्णवटवटे तर एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की स्पष्ट छायाचित्र हाती असूनही जात ठरत नाही. आवाज ऐकलेला असेल तरच खात्री होते. डॉक्टरला हे पटायला वेळ लागत नाही. क्ष-किरणांचे चित्र कितीही सुरेख असले, तरी स्टेथोस्कोप गळ्यातून उतरत नाही.

गेली बारा वर्षे बहुतेक रविवारी पहाटे मी व पत्नी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जातो. कॅमेरा माझ्याकडे, वही तिच्याकडे. गेल्या हिवाळ्यात मुलीने आमच्या फोनवर ‘मर्लिन’ नावाचे ॲप घालून दिले. सभोवतीचे आवाज ऐकून ते पक्ष्यांची नावे पडद्यावर दाखवते. मी त्याला कनिष्ठ सहकाऱ्याचा दर्जा दिला आहे. मत घ्यावे, निदान आपण करावे. एका सकाळी सिंगापूर चेरीच्या झाडाखाली पडद्यावर फुलटोच्याचे नाव उमटले, आणि उमटतच राहिले. मला मात्र झाड निःशब्द होते. पत्नी म्हणाली, “अहो, किती ओरडतोय तो!”

फुलटोचा हा आपल्याकडील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर. रंग मातकट, चोच फिकट आणि किंचित बाकदार. बांडगुळाची फळे खाऊन त्यांच्या चिकट बिया तो दुसऱ्या फांदीवर पोचवतो, त्यामुळे आंब्याच्या बागायतदाराला तो फारसा प्रिय नसावा. त्याची चिक्-चिक् फार उंच पट्टीतली. ती मला पूर्वी ऐकू येत असे. वहीतील एका जुन्या नोंदीपुढे पत्नीच्या अक्षरात ‘यांनी आवाजावरून ओळखला’ असे लिहिलेले आहे.

त्याच आठवड्यात मी ऑडिओमेट्री करून घेतली. आलेखावरची रेषा २००० हर्ट्झपर्यंत सरळ चालत होती. ४००० च्या पुढे ती घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरली. आंतरकर्णात शंखासारखी वळणे असलेला एक अवयव असतो. त्यात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी शंखाच्या तोंडाशी, खालच्या स्वरांच्या आतल्या टोकाशी. वाढत्या वयात साधारणपणे तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात, आणि माणसात गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत मात्र ती उगवते. या बाबतीत फुलटोचा माझ्याहून भाग्यवान!

पहिली भीती अर्थातच व्यवसायाची होती. सुदैवाने हृदयाचे ध्वनी बहुतांशी ५०० हर्ट्झच्या खालचे. ते मला पूर्वीसारखेच ऐकू येतात. धोका दुसरीकडे आहे. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचे घर्षण उंच पट्टीत असते. ते निसटले की बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. दवाखान्यात एखादी आई कडेवरच्या बाळाविषयी हळू आवाजात सांगू लागली, की जुलाब सात झाले की आठ, हे मी आता पुन्हा विचारून घेतो.

अशा अवस्थेतील वडीलधाऱ्यांना घरची माणसे ‘हल्ली यांच्या लक्षात राहत नाही’ म्हणून घेऊन येतात. स्मृतीची चाचणी करण्याआधी मी त्यांच्या खुर्चीमागे हातभर अंतरावर उभा राहतो, एक कान बोटाने बंद करायला लावतो आणि तीन आकडे कुजबुजतो. मग दुसऱ्या कानाची पाळी. हे घरीही करून पाहता येईल. आकडे सांगता आले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. २०२० च्या अहवालात ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाचा समावेश केला आहे. ज्याला बोलणे कळत नाही तो हळूहळू घरच्या गप्पांतून उठून जातो, हे तर कोणीही पाहू शकतो.

मी श्रवणयंत्र घेतले आहे. चष्मा लावताना आपण नाक मुरडत नाही, मग यंत्र लावतानाच का, हे कोडे मला सुटलेले नाही. यंत्रामुळे शिंपी परत आला, जरा कर्कश होऊन. फुलटोचा अधूनमधून येतो. फोनवर त्याचा आवाज मोठ्याने वाजवला तर मला सहज ऐकू येईल, पण टेकडीवर ते करायचे नाही. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असे वाटून पक्षी बिथरतो, प्रसंगी पिल्ले सोडून धावत येतो.

छायाचित्र काढण्याची माझी रीत मात्र बदलली. पूर्वी मी स्थिर बसलेला पक्षी आणि त्याच्या डोळ्यातला प्रकाश शोधत असे. आता पत्नी हाताने खुणावते आणि मी चोच उघडण्याची वाट पाहतो. मागच्या रविवारी तसे एक चित्र मिळाले. चोच सताड उघडी, गळ्याची पिसे फुललेली. पत्नीने वहीत वेळ लिहिली, सात वाजून दहा मिनिटे, आणि पुढे लिहिले, ‘आवाज: चिक्-चिक्, सलग.’