जेवायला येते म्हणू नकोस

तिरोडा, डिसेंबर

छकुली,

तुझा निरोप काल रात्री मामीनं मोठ्यानं वाचून दाखवला. पुण्याहून मोटरसायकलवर एकटी निघणार, संभाजीनगर, अकोला, नागपूर, साकोली इथल्या साऱ्या मैत्रिणींना गाठत येणार, आणि शेवटच्या दिवशी नागपूर दुपारी सोडून, साकोलीत चहा घेऊन तिरोड्यात जेवायला हजर! मामी हरखली. मामाची झोप त्या जेवणाच्या वेळेनं उडवली.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा तो रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण झाला, पण तो चारचाकी आणि त्याहून मोठ्या गाड्यांसाठी. 'थोडंसं अंतर कोण बघतं' असला विचार मनात आणू नकोस. तिथल्या वेगात एकटी दुचाकी फार उशिरा दिसते. तुझा रस्ता जुनाच : अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर.

तुझ्या आईचा फोन सकाळीच आला. तिचा आक्षेप एकटीनं येण्यावर. तिला मामानं सांगितलं, की तुझ्याच पुण्यात 2011 मध्ये उर्वशी पाटोळे आणि त्यांच्या सोबतिणींनी 'बायकरनी' हा फक्त मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट उभा केला, आणि तो पुढे देशभर पसरला. तेव्हा मुलगी बुलेटवर बसली म्हणून जगबुडी होत नाही. तुझ्या बाबांच्या राजदूतवर तू कुठे कुठे गेलीस ते तुझी आई विसरली असेल, मामा विसरलेला नाही. तेव्हा एकटीनं येण्याबद्दल मामा काही बोलत नाही.

पण एका गोष्टीवर बोलणार, आणि तुला ते ऐकावं लागेल. भेटीला निघालेल्या माणसानं पोचण्याची वेळ कुणालाही देऊ नये. दिवस सांगावा, फार तर 'सोमवार नाहीतर मंगळवार' म्हणावं. वेळ दिली की वाटेतला प्रत्येक थांबा गुन्हा वाटायला लागतो. पंक्चरमध्ये अर्धा तास गेला की तो पुढच्या तासात भरून काढायचा. मग चहा राहतो, पाणी राहतं, मान आखडली तरी गाडी थांबत नाही. तिकडे मैत्रीण ताटं मांडून बसलेली, ती 'कुठवर आलीस' म्हणून फोन करते आणि इकडे हात खिशाकडे जातो. नोकरीवर जाणाऱ्याला घड्याळ चुकत नाही. मैत्रिणीकडे कसली आलीय हजेरी?

आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस बघ. कोल्हापूरहून निघते, पुण्यावरून थेट गोंदियाला येते. ती उशिरा आली तर तिरोडा स्टेशनवर कुणी ऊर बडवत नाही. 'येईल' म्हणतात आणि बाकावर टेकतात. गाडीचा उशीर सोसायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. दुचाकीवरून येणाऱ्या पोरीचा उशीर सोसायची सवय मात्र कुणी लावून घेतलेली नाही, आणि म्हणून ती पोरगी अंधारात गाडी दामटते.

अंधाराचा हिशेब तू पुण्याच्या खिडकीतून केलेला दिसतो. तिरोडा पुण्याच्या पूर्वेला सहा रेखांश आहे, एका रेखांशाला चार मिनिटं. शिवाय आपण उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यातला दिवसही जरा आखूड. पुण्यात या दिवसांत सहाच्या आसपास सूर्य मावळतो, इथे साडेपाचला. म्हणजे तुझ्या मनातला 'अजून उजेड आहे' हा अर्धा तास इकडे नसतोच. साकोलीत चहा पिऊन उठशील तेव्हा दिवस बुडालेला असेल, आणि समोर कोहमारा, मुरदोली, गोरेगाव हा जंगलाचा रस्ता.

त्याच रस्त्यावर मुरदोलीजवळ 2023 च्या ऑगस्टमध्ये एक वाघ मोटारीच्या धडकेनं मेला. त्याचा उठायची धडपड करतानाचा व्हिडिओ तूच मामीला पाठवला होतास, आठवतं? नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. वाघ भेटणं विरळा, पण रानडुकरं आणि चितळ रोजचे. डुकरांची रांग ओलांडायला लागली की शेवटचं पिल्लू जाईपर्यंत थांबावं लागतं आणि अंधारात शेवटचं कुठलं हे दिसत नाही.

29 नोव्हेंबर 2024 ची शिवशाहीही तिथलीच. भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली, 11 माणसं गेली. समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना बस कलंडली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. भरदुपारची गोष्ट. उजेडात हे, तर रात्री काय असेल?

शिवाय आता धानाचे दिवस. कापणी-मळणी होऊन धान आधारभूत खरेदी केंद्रावर निघालंय. केंद्रापुढे रांग लागते, म्हणून शेतकरी रात्रीच ट्रॅक्टर काढतात. त्यांचं चूक म्हणवत नाही, नंबर गेला तर दोन दिवस बसावं लागतं. पण ती ट्रॉली मागून कशी दिसते ते एकदा नीट बघ. पोत्यांची थप्पी फाळक्याच्या वर गेलेली, वरून ताडपत्री, तिचं टोक खाली लोंबतं आणि फाळक्यावरची लाल पट्टी झाकून टाकतं. मागचा दिवा असला तर चिखलानं माखलेला. समोरून ट्रक येतो, त्याच्या झोतात डोळे दिपतात, आणि नेमक्या त्या क्षणी तुझ्या पुढे वीस पावलांवर काळोखाहून काळं असं काहीतरी संथ चाललेलं असतं. तुझ्याकडे शिरूर-अहिल्यानगर पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्याही याच दिवसांत. म्हणजे प्रवासाच्या दोन्ही टोकांना हाच धोका.

मधला रस्ता चांगला आहे. अमरावती-अकोला टप्प्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्त्यानं विक्रम केला, तू करू नकोस. गुळगुळीत सरळ रस्त्यावर दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागतो, तिथे थांब. अकोल्याच्या मैत्रिणीकडे मुक्काम ठेवलायस, हे सगळ्या बेतातलं मामाला आवडलेलं.

त्या योगेश आळेकरीची हकिकत तू वाचली असशील. 2025 च्या महाराष्ट्र दिनी मुंबईहून मोटरसायकलवर निघाला, 17 देश आणि 24 हजारांवर किलोमीटर पार करून इंग्लंडात पोचला. वाटेत डोंगर, वाळवंटं, सरहद्दी सगळं निभावलं. नॉटिंगहॅमच्या वोलाटन पार्कात न्याहारीला थांबला तेवढ्यात चोरांनी गाडी पळवली. पासपोर्ट आणि पैसे गाडीवरच्या पेट्यांत होते, तेही गेले. पुढे तिथल्याच एका दुकानानं त्याला तसलीच दुसरी गाडी दिली, भली माणसं सगळीकडे असतात. पण लक्षात घे, 'पोचलो' असं वाटलं तिथेच घात झाला. तुलाही नागपूर सोडलं की 'आता काय, घरच' असं वाटणार. म्हणून या शेवटच्या टप्प्याची मामाला सर्वांत जास्त धास्ती आहे. आणि लायसन्स, आरसी, पैसे अंगावर ठेव, डिकीत नको.

हेल्मेटचं तुला सांगायला नको, तरी सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले त्या वर्षी 50,029 गेले. तुझं चांगलं आहे, पण तू हनुवटीखालचा पट्टा सैल ठेवतेस. दिवाळीच्या फोटोतही सैलच होता, मामानं फोटो मोठा करून बघितला. पट्ट्यात जेमतेम दोन बोटं शिरावीत. सैल हेल्मेट आपटण्याआधीच उडून जातं.

हे नंबर कागदावर लिहून जर्किनच्या आतल्या खिशात ठेव, कारण फोन फुटतो : 112, रुग्णवाहिकेला 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033. त्याच कागदावर रक्तगट आणि आईचा नंबर. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता मिळण्याची योजना लागू आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, कायद्यातच तसं कलम आहे. हे तुझ्या सगळ्या मैत्रिणींना माहीत असू दे.

असं अभद्र लिहू नये म्हणून मामी रागावतेय. तिचं ऐकून हा भाग फाडायचा विचार होता, पण राहू देतो.

तेव्हा एवढं कर. त्या दिवशी साकोलीला मैत्रिणीकडेच राहा, ती वर्षानुवर्षं तुझी वाट बघतेय आणि तू तिला एक कप चहाइतका वेळ देतेस! रात्रभर गप्पा मारा. सकाळी धुकं उठू दे, आठ-साडेआठशिवाय गाडी काढू नकोस, बांध्यांवरचं धुकं समोरचा खांब दिसू देत नाही. मग कोहमारा मार्गे ये, दुपारपर्यंत ये, संध्याकाळपर्यंत ये. इथे कुणी घड्याळ बघत बसणार नाही. साकोलीच्या मैत्रिणीला मुक्कामाचं आजच कळव, आणि तसं कळवलंस म्हणून मामीच्या फोनवर एक ओळ टाक.

तुझा,
मामा