उसनी धाव

माझ्या व्हिडिओ गेममधली मुलगी उंचीने अवघी २४ पिक्सेलची. तिला नाक नाही, बोटं नाहीत, डोळा म्हणजे एक काळा ठिपका. तिची ओळख म्हणजे तिची धाव, आणि ती धाव माझ्या धाकट्या भावाची आहे.

पिक्सेल अॅनिमेशन शिकताना ऋणं बरीच झाली. 'सेलेस्ट' (२०१८) या गेमच्या चित्रांमागे ज्याचा हात आहे, तो ब्राझीलचा पेद्रो मेदेरोस एका हलत्या चित्रात एकच गोष्ट समजावणारे छोटे धडे करतो. तेच मी गिरवले. पाऊल टेकलं की पुढच्या फ्रेममध्ये अंग एक पिक्सेल खाली, दुसरा पाय ओलांडून जाताना पुन्हा वर. वेणी एक फ्रेम मागून. आठ फ्रेममध्ये धाव पुरी होते. पण माझी मुलगी धावायची ती कुणीही धावावं तशी.

जॉर्डन मेक्नरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढऱ्या कपड्यांत पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा राजपुत्र चितारला. गेम आला १९८९ला. हे वाचलं आणि मोबाइल घेऊन मी भावाच्या खो-खोच्या मैदानावर जाऊन उभी राहिले.

तो शाळेपासून खो-खो खेळतो. सराव आटोपल्यावर माझ्यासाठी तो पुन्हा पुन्हा पळाला, खांबाला वळसे घातले, वर "अजून एकदा घेऊ का?" हेही त्यानेच विचारलं. घरी येऊन व्हिडिओ जसाच्या तसा गिरवला, तर हातापायांचे ठिपके मुंग्यांसारखे वळवळायला लागले. इतक्या लहान आकारात सगळं गिरवून चालत नाही, मोजक्या पवित्र्यांची निवड करावी लागते. कोणते निवडायचे, ते त्याने सांगितलं.

"ताई, तू नुसती पायांकडे बघतेयस. खांदा बघ. डावीकडे निसटायचं असलं की मी आधी उजवा खांदा टाकतो. समोरचा तिथेच फसतो."

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या 'द इल्युजन ऑफ लाइफ'मध्ये अॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. हालचालीआधीची तयारी हे त्यांतलं एक. मी ते वाचलं होतं, पाठही होतं. कळलं मात्र हुलकावणी बघून.

आता वळण्याआधी माझ्या मुलीचा खांदा एक पिक्सेल उलट बाजूला झुकतो. एवढ्याने तिच्यात जीव आला. अडचण एकच. सिनेमात ही तयारी हवी तितकी लांबवता येते, गेममध्ये बटण दाबलं की मुलगी वळलीच पाहिजे. म्हणून तीन फ्रेमचा खांदा दोन फ्रेमवर आणला.

श्रेयनामावलीत त्याचं नाव 'अॅनिमेशन' या शीर्षकाखाली माझ्या शेजारी घातलं आहे. त्याला ते दाखवलं, तर त्याचं लक्ष खेळण्यात. पहिल्याच खड्ड्यात पडून म्हणाला, "ही माझ्यापेक्षा हळू वळते गं."

त्या रात्री आणखी एक फ्रेम काढून टाकली.