मेंदीची छाटणी

आमच्या अंगणाच्या दक्षिणेस विटांची कमरेएवढी भिंत होती. सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती ढासळली. पुन्हा वीट नको, मेंदीची वई लावू, असे पत्नीने ठरविले. 'वई' हा शब्द तिच्या खानदेशी माहेरचा. आमच्या घरात कुंपणच म्हणत. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्यामागोमाग येथे स्थिरावलेल्या कारकुनी घराण्यांपैकी आमचे एक. दस्तऐवज जपणे आमच्या रक्तात आहे, झाड राखणे नाही.

तिने दीड फूट खोल चर खणून घेतला. आमची काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि वैशाखात भेगाळून कोवळी मुळे तोडते, म्हणून चरात रेती आणि शेणखत मिसळले. फूटभर अंतरावर दोन ओळी, पण रोपे समोरासमोर नव्हेत, एकाआड एक. एवढे सगळे झाल्यावर तिने कात्री घेतली आणि प्रत्येक रोप वीतभर ठेवून उडविले. मी हळहळलो. "आधी बूड भरू दे, उंचीची घाई कसली?" एवढेच ती म्हणाली.

त्याच मार्गशीर्षात ती गेली.

पुढची दोन वर्षे मी मेंदीला कात्री लागू दिली नाही. तिच्या हातची रोपे होती ती. रोज सकाळी झारीने थोडेथोडे पाणी घालीत असे. मेंदी पुरुषभर वाढली, पावसाळ्यात फिकट पिवळसर तुऱ्यांनी अंगण दरवळले, आणि येणारेजाणारे कौतुक करीत. मात्र गुडघ्याखाली नुसत्या काटक्या होत्या. कडुनिंबाच्या सावलीतले टोक तर किडकिडीतच राहिले. शेजारच्या शेळ्या तेथून खुशाल ये-जा करू लागल्या. आमच्याकडे निमाडातला एक वृद्ध माळी येतो. तो पाहून म्हणाला, "काकाजी, ही वई नाही. ही काठ्यांची रांग आहे."

कारण साधे आहे. शेंड्याच्या कोंबात तयार होणारे ऑक्झिन नावाचे द्रव्य खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही; थिमान आणि स्कूग यांनी ते १९३० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले. शेंडा उतरविला की खालचे डोळे जागे होतात. हे मी वाचलेले होते. वाचलेले असूनही कात्री हातात घेववत नव्हती.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तापी ओलांडून जैनाबादला आहुखान्यात गेलो. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला प्रथम याच मृगवनात पुरले होते. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेला. शहाजहानला बाग पुरली नाही, दगड हवा होता. मलाही बहुधा दगडच हवा होता, मेंदीचा.

आषाढाच्या पहिल्या पावसानंतर छाटणी केली. पहिले रोप मी स्वतः छाटले, उरलेली माळ्याने. जोमदार रोपे गुडघ्याएवढी ठेवली. किडकिडीत मात्र वीतभरच. मला हे उलटे वाटले, परंतु अशक्त रोप खोलवर छाटले तरच ते जोमाने फुटते, असे तो म्हणाला, आणि तसेच झाले. सावलीकडची चार रोपे मेलीच होती. तेथे नवी लावली असती तर जुन्या मुळांनी त्यांना जगू दिले नसते. म्हणून शेजारच्या फांद्या वाकवून, साल किंचित खरवडून मातीत दाबल्या आणि वर दगड ठेवले. कडुनिंबाच्या दोन फांद्याही उतरविल्या. झारी बंद झाली. आता आठ दिवसांनी एकदाच, पण खोल मुरेल इतके पाणी. ज्या गावात १६१५ साली सातपुड्याकडचे पाणी जमिनीखालून आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला, तेथल्या माणसाला पाणी खाली मुरवायचे असते हे माळ्याने शिकवावे! उन्हाळ्यात बुंध्याशी केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन असते. ते आमच्याकडे मागाल तेवढे मिळते.

आता छाटताना दोरी बांधतो. बूड रुंद आणि माथा थोडा अरुंद ठेवतो, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. लिनिअसने मेंदीला 'इनर्मिस', म्हणजे निःशस्त्र, असे नाव दिले. जुन्या फांद्यांची टोके काट्यासारखी होतात, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे.

पहिल्या छाटणीचा पाला सुनेने पाट्यावर वाटला. नागपंचमीला नातीने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. रंग गडद चढला होता. आजीची मेंदी ना, असे तिने विचारले. मी हो म्हणालो.

कडुनिंबाकडे अजून हातभर जागा विरळ आहे. शेळीचे एक करडू तेथून येतेच. यंदा आषाढात आणखी एक फांदी दाबायची आहे.